वाटेवरचा अपघात आणि घरातील ज्येष्ठांचा हक्क

कोयनेच्या खोऱ्यातील बहुतेक घरांचा संसार दोन ठिकाणी विभागलेला असतो. वडीलधारी माणसे कोयनानगर, हेळवाक किंवा पाटणच्या परिसरात राहतात आणि कमावता मुलगा, सून किंवा जावई कुठे तरी लांब कामाला जातो. कुणी कुंभार्ली घाट उतरून पोफळी-चिपळूणकडे जातो, कुणी कराडकडे, तर कुणी पिढ्यान्पिढ्यांच्या वाटेने मुंबईला. घरातील ज्येष्ठांची रक्तदाबाची गोळी, डोळ्यांची शस्त्रक्रिया, दवाखान्याच्या फेऱ्या हे सारे त्या एका पगारावर उभे असते. म्हणून कमावत्या माणसाच्या अपघाताचा विषय हा निव्वळ कामगार-कायद्याचा विषय राहत नाही. तो घरातील ज्येष्ठांच्या आरोग्याचाही विषय होतो.

या सदरातून आज आपण एका नेमक्या प्रश्नाकडे पाहणार आहोत. कामाच्या जागी अपघात झाला तर नुकसानभरपाई मिळते, हे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु कामावर जाताना किंवा कामावरून घरी परतताना, वाटेत अपघात झाला तर काय? पावसाळ्यातील धुक्यात घाट उतरणाऱ्या आपल्या माणसांच्या बाबतीत हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. त्याचे उत्तर गेल्या काही काळात बरेच स्पष्ट झाले आहे आणि ते कामगारांच्या कुटुंबांना अनुकूल आहे.

जुना कायदा काय म्हणत होता?

आपल्याकडे कामगारांच्या नुकसानभरपाईचा मूळ कायदा १९२३ सालचा. पूर्वी तो ‘वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन ॲक्ट’ म्हणून ओळखला जाई. २०१० पासून त्याच्या नावात ‘कर्मचारी’ हा शब्द आला. ‘नोकरीतून आणि नोकरीच्या ओघात’ उद्भवलेल्या अपघाताची भरपाई मालकाने द्यावी, हे त्याचे मुख्य सूत्र. मालकाची चूक सिद्ध करण्याची गरज नाही, हा या कायद्याचा मोठा गुण होय. मालक सहसा या जबाबदारीसाठी विमा उतरवतो आणि मग प्रत्यक्ष पैसे देण्याचा प्रश्न विमा कंपनीपाशी येतो.

वाद होत असे तो ‘नोकरीच्या ओघात’ या शब्दांवर. ओघ नेमका कुठे सुरू होतो? कारखान्याच्या फाटकाशी, की घराच्या उंबरठ्याशी? १९६३ साली सर्वोच्च न्यायालयापुढे मुंबईच्या बेस्ट उपक्रमाचा एक खटला आला होता. काम संपवून बेस्टच्याच बसने घरी निघालेल्या एका बसचालकाचा वाटेतील अपघातात मृत्यू झाला होता. तो अपघात नोकरीच्या ओघातच झाला, असा निर्णय तेव्हा झाला. मात्र १९९६ साली, सायकलवरून कारखान्याकडे निघालेल्या आणि वाटेत जखमी झालेल्या एका कामगाराच्या प्रकरणात न्यायालयाने उलट निर्णय दिला. त्यामुळे ‘रस्त्यावरचा अपघात आमच्या पॉलिसीत येत नाही’ असे म्हणण्यास विमा कंपन्यांना वाव राहिला.

कर्मचारी राज्य विमा योजनेच्या, म्हणजेच ईएसआयच्या, कायद्यात २०१० साली दुरुस्ती होऊन हा वाव बंद झाला. घर ते कामाची जागा या प्रवासातील अपघातही, काही अटींवर, नोकरीतीलच मानावा, असे कलम त्यात आले. परंतु ईएसआयचे संरक्षण नसलेल्या, १९२३ च्या कायद्यावर विसंबलेल्या कामगारांचे काय, हा प्रश्न उरलाच.

धाराशिवचा खटला

त्याचे उत्तर आपल्याच राज्यातील एका कुटुंबामुळे मिळाले. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातील एका साखर कारखान्यात रखवालदारी करणारे गृहस्थ २२ एप्रिल २००३ रोजी मोटारसायकलवरून कामाला निघाले होते. त्यांची पाळी पहाटे ३ ते सकाळी ११ अशी होती. कारखाना सुमारे पाच किलोमीटरवर असताना अपघात झाला आणि त्यांचा मृत्यू ओढवला. मागे पत्नी, चार मुले आणि आई राहिली.

आयुक्त म्हणून काम पाहणाऱ्या दिवाणी न्यायाधीशांनी २००९ साली ३,२६,१४० रुपये भरपाई व १२ टक्के व्याज मंजूर केले आणि ही रक्कम विमा कंपनीने द्यावी असे सांगितले. कंपनी उच्च न्यायालयात गेली. २०११ साली उच्च न्यायालयाने, अपघात नोकरीच्या ओघात झाला नाही, असे ठरवून तो आदेश रद्द केला. कुटुंब सर्वोच्च न्यायालयात गेले. २९ जुलै २०२५ रोजी न्यायमूर्ती मनोज मिश्रा आणि न्यायमूर्ती के. व्ही. विश्वनाथन यांच्या खंडपीठाने मूळ आदेश पुन्हा कायम केला. ईएसआय कायद्यातील प्रवासाविषयीचा अर्थ १९२३ च्या कायद्यालाही लागू होतो आणि तो आधीच्या अपघातांनाही लावता येतो, असे त्यात स्पष्ट झाले.

अपघातापासून अंतिम निर्णयापर्यंत बावीस वर्षे लोटली. मुले मोठी झाली, आईचे म्हातारपण त्याच काळात सरले. मिळालेला न्याय मोलाचा आहे. परंतु असा काळ पुन्हा कोणत्या घराच्या वाट्याला येऊ नये, यासाठी कायद्यात स्पष्ट शब्द असणे आवश्यक होते.

आता संहितेतच तरतूद

ते शब्द आता आले आहेत. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आणि १९२३ च्या कायद्याची जागा तिने घेतली. घरातून कामावर जाताना किंवा काम आटोपून घरी परतताना झालेला अपघात नोकरीतूनच उद्भवला असे मानावे, अशी तरतूद तिच्यात आहे. अट एकच: अपघाताची परिस्थिती, वेळ व ठिकाण यांचा नोकरीशी संबंध दिसून आला पाहिजे. त्या तारखेपूर्वीच्या अपघातांना साधारणतः जुना कायदा लागू राहतो. पण त्यांनाही आता २०२५ च्या निर्णयाचा आधार आहे.

परिस्थिती, वेळ आणि ठिकाण हे तीन शब्द वाचकांनी मनात ठसवावेत. सकाळी आठच्या पाळीसाठी सातच्या सुमारास नेहमीच्या घाटरस्त्याने निघालेल्या माणसाचा संबंध सहज जुळतो. तोच माणूस काम संपल्यावर एखाद्या लग्नाला जाऊन, वेगळ्या रस्त्याने, मध्यरात्री परतत असेल, तर संबंध दाखवणे अवघड होते. धाराशिवच्या प्रकरणात पाळीची वेळ आणि प्रवासाची वेळ व दिशा यांचा मेळ बसला, ही बाब निर्णायक ठरली. म्हणजे हक्क कायद्याने दिला असला, तरी त्याचा पुरावा घरच्यांनाच जपावा लागतो.

ज्येष्ठांचे स्थान

मृत्यूच्या प्रकरणात भरपाई ‘अवलंबितांना’ मिळते. या यादीत पत्नी, अज्ञान मुलगा आणि अविवाहित मुलगी यांच्या बरोबरीने विधवा आईचे नाव आहे. विधवा आईला ‘मी मुलाच्या कमाईवर जगत होते’ हे वेगळे सिद्ध करावे लागत नाही. वडिलांना, तसेच पती हयात असलेल्या आईला मात्र आपण मुलावर पूर्णतः किंवा अंशतः अवलंबून होतो हे दाखवावे लागते. मुलगा दरमहा बँकेत किंवा यूपीआयने पाठवत असलेली रक्कम, त्याने भरलेली औषधांची बिले, शिधापत्रिकेवरील नोंद यांचा येथे उपयोग होतो. रोख हाती दिलेले पैसे कुठेही उमटत नाहीत. म्हणून निदान काही रक्कम खात्यावर घेण्याची सवय चांगली.

कोणाला किती वाटा द्यायचा हे सक्षम प्राधिकारी ठरवतो. त्यामुळे सासू-सुनेने या पैशावरून आपसांत दुरावा येऊ देण्याचे कारण नाही. अर्जात दोघींचीही नावे असावीत. अंत्यसंस्काराच्या खर्चासाठी मालकाने वेगळी रक्कम भरायची असते आणि ती हयात अवलंबितांपैकी वयाने सर्वांत मोठ्या व्यक्तीला मिळते. जुन्या कायद्यात ही रक्कम किमान ५,००० रुपये होती, नव्या संहितेत ती किमान १५,००० रुपये आहे.

आणखी एक गोष्ट. साठी उलटल्यावरही रखवालदारी, माळीकाम किंवा स्वयंपाकाचे काम करणारे अनेक वाचक असतील. या कायद्यात वयाची वरची मर्यादा नाही. आपणही संरक्षित कर्मचारी असू शकता.

रक्कम कशी ठरते?

हिशेब अवघड नाही. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या ५० टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचे. कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास ५० ऐवजी ६० टक्के धरायचे. वय वाढते तसा गुणक कमी होतो. वयाच्या ४० व्या वर्षी तो १८४.१७ आहे, ६० व्या वर्षी ११७.४१, तर ६५ व त्यापुढे ९९.३७. हिशेबात धरायच्या वेतनाला मर्यादा असते. ती ८,००० रुपये होती, जानेवारी २०२० मध्ये ती १५,००० रुपये झाली.

या मर्यादेने पाहू. चाळिशीतील माणसाचे वेतन १५,००० किंवा त्याहून अधिक असेल, तर मृत्यूची भरपाई ७,५०० गुणिले १८४.१७, म्हणजे १३,८१,२७५ रुपये होते. जुन्या ८,००० च्या मर्यादेने हीच रक्कम ७,३६,६८० भरली असती. साठ वर्षांच्या, १२,००० रुपये वेतन असलेल्या रखवालदाराच्या बाबतीत ती ७,०४,४६० रुपये येते. विमा कंपनीने किंवा मालकाने सांगितलेला आकडा बरोबर आहे की नाही, हे आपण घरबसल्या पडताळू शकता.

विमा कंपनी, मालक आणि ठेकेदार

भरपाई अपघाताबरोबरच देय होते. एका महिन्यात ती न भरल्यास १२ टक्के दराने व्याज लागते आणि विलंबाला योग्य कारण नसेल, तर रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंडही होऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या एका निर्णयानुसार भरपाई व व्याज यांचा भार विमा कंपनीवर येऊ शकतो, दंड मात्र मालकाने स्वतः सोसायचा असतो. पॉलिसीच्या अटीही पाहिल्या जातात. म्हणून अर्जात मालक आणि विमा कंपनी या दोघांनाही प्रतिपक्ष करणे शहाणपणाचे.

ठेकेदाराकडे काम करणाऱ्यांची कुटुंबे अनेकदा गोंधळतात. ठेकेदार हात वर करतो आणि कंपनी म्हणते, ‘हा आमचा माणूस नव्हे.’ मुख्य मालकाच्या नेहमीच्या धंद्याचा भाग असलेले काम ठेकेदारामार्फत चालत असेल, तर भरपाई मुख्य मालकाकडूनही मागता येते. त्याने ती ठेकेदाराकडून वसूल करावी, हा त्यांचा आपसांतील हिशेब.

मृत्यूच्या प्रकरणात भरपाईची रक्कम प्राधिकाऱ्याकडे जमा व्हावी लागते. तेराव्याच्या आत घरी येऊन कोणी पाकीट दिले आणि ‘आता काही मागणे नाही’ अशा कागदावर सही घेतली, तरी हक्क संपत नाही. कायद्याने दिलेली भरपाई सोडून देणारा असा करार निरर्थक ठरतो. तरीही दुःखाच्या त्या दिवसांत, न वाचलेल्या कागदावर सही किंवा अंगठा न देणे हेच उत्तम.

एक अपवाद ध्यानी असावा. कर्मचारी ईएसआयमध्ये असेल, तर दावा ईएसआयकडेच जातो आणि तेथे कुटुंबाला दरमहा लाभ मिळतो. वाहनाच्या अपघातात मोटार वाहन कायद्याखालीही दावा करता येतो, परंतु दोन्हीकडे नाही. कोणता मार्ग हिताचा, हे अर्ज करण्यापूर्वी वकिलाला विचारावे.

माणूस वाचला, पण अंथरुणाला खिळला

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी हा भाग विशेष महत्त्वाचा आहे. उपचारांचा प्रत्यक्ष खर्च भरून मिळण्याची तरतूद आहे. म्हणून औषधांची लहानसहान बिलेही जपावीत. काम तात्पुरते सुटले असेल, तर मासिक वेतनाच्या २५ टक्के रक्कम दर पंधरवड्याला मिळू शकते.

कायमच्या दुखापतीत कमाईची क्षमता किती गेली याला महत्त्व असते. काही दुखापतींचे प्रमाण परिशिष्टात ठरलेले आहे. उदाहरणार्थ, अंगठा गेल्यास ३० टक्के. वर घेतलेल्या चाळिशीतील माणसाच्या बाबतीत पूर्ण अपंगत्वाची भरपाई १६,५७,५३० रुपये होते, तर अंगठ्यासाठी तिच्या ३० टक्के, म्हणजे ४,९७,२५९ रुपये. परंतु एकच दुखापत दोन माणसांना सारखी भोवत नाही. एका सुताराचा डावा हात गेला होता. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचे नुकसान पूर्ण मानले, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. म्हणून डॉक्टरांकडून प्रमाणपत्र घेताना रुग्ण कोणते काम करत होता आणि आता त्यातले काय करता येणार नाही, हे त्यांना अवश्य सांगावे.

सर्वांत महत्त्वाची नोंद होते ती पहिल्या तासात. रुग्णालयात दाखल करताना डॉक्टर विचारतात, ‘कसे झाले?’ घाबरलेला नातेवाईक म्हणतो, ‘गाडीवरून पडला,’ आणि केसपेपरवर तेवढेच उतरते. ‘पाळीसाठी कामावर निघाला होता, सकाळी साडेसहाला, घाटात अपघात झाला,’ असे सांगितले, तर तेच लिहिले जाते. पोलिसांपुढील जबाबातही हेच सत्य नोंदवले जावे. परिस्थिती, वेळ आणि ठिकाण हे तिन्ही दुवे पुढे तिथूनच सापडतात.

व्यवसायामुळे जडणारे आजारही या कायद्यात येतात. दगडाच्या धुळीने होणारा सिलिकोसिस आणि आवाजाने येणारा बहिरेपणा हे त्यात आहेत. बोगदे, खाणी, खडी फोडण्याची यंत्रे यांवर राबणारी माणसे कोयनेच्या परिसरात नवी नाहीत. असे काम सोडल्यावर दोन वर्षांच्या आत त्या व्यवसायाच्या आजाराची लक्षणे दिसली, तर लक्षणे प्रथम आढळली तो दिवस अपघाताचा मानण्याची तरतूद जुन्या कायद्यात आहे. म्हणून धुळीचे काम सुटताच छातीचा एक्स-रे व श्वासाची तपासणी करून घ्यावी. जुना खोकला ‘वयाचा’ म्हणून अंगावर काढू नये.

येत्या पंधरवड्यात एवढे करावे

घरातील कमावत्या व्यक्तीची एक फाइल करावी. तिच्यात नेमणुकीचा कागद किंवा ठेकेदाराचे नाव-पत्ता, ताज्या पगाराच्या चिठ्ठ्या, ओळखपत्राची प्रत, पाळीचे वेळापत्रक, वयाचा दाखला, आधार कार्ड आणि ईएसआय क्रमांक असावा. मालकाने कोणत्या कंपनीचा विमा घेतला आहे, हे विचारून लिहून ठेवावे. भरपाईच्या हक्कांची माहिती नोकरी लागतानाच देणे हे २०१७ पासून मालकाचे कर्तव्य आहे. त्यामुळे असे विचारण्यात संकोच नको.

दुर्दैवाने अपघात झालाच, तर मालकाला लेखी सूचना लगेच द्यावी आणि पोच घ्यावी. दावा दोन वर्षांच्या आत दाखल झाला पाहिजे. योग्य कारण असल्यास उशीर माफ होऊ शकतो, पण त्यावर विसंबू नये. मुलगा मुंबईत किंवा चिपळुणात कामाला असला, तरी दाव्यासाठी आई-वडिलांना तिकडे हेलपाटे घालण्याचे कारण नाही. दावेदार जेथे राहतो, तेथील प्राधिकाऱ्याकडेही अर्ज करता येतो. वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर विधी सेवा समितीकडे जावे. स्त्रिया, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना १९८७ च्या कायद्यानुसार तेथे मोफत साहाय्य मिळते.

अपघाताच्या धक्क्यात घरातील ज्येष्ठांच्या स्वतःच्या गोळ्या चुकतात, जेवण तुटते, झोप जाते. कागदपत्रांची धावपळ एका विश्वासू नातेवाइकाकडे सोपवावी आणि आई-वडिलांच्या औषधांची वेळ दुसऱ्याने सांभाळावी. भरपाई मागणे म्हणजे गेलेल्या माणसाची किंमत करणे, असे अनेक माता-पित्यांना वाटते. तसे मानू नये. जो मुलगा दर महिन्याला औषधांचे पैसे पाठवत होता, त्याने आपल्या श्रमातून मिळवलेलाच हा हक्क आहे. तो मागताना मान खाली घालण्याचे काहीच कारण नाही.